अक्कलदाढ काढल्यावर तुम्हाला कोणती गोळी लागू पडली?

तलावपाळीकर: काल लेकीची खालची आडवी दाढ काढली, नौपाड्यात. रिक्षात गालाला बर्फ लावून बसलेली बघून माझं 2009 आठवलं. नुसत्या पॅरासिटामॉलवर होतो, पहाटे तीनला भिंतीला डोकं टेकून बसलेलो. हिला आयबुप्रोफेन 400 आणि पॅरासिटामॉल 325 एकत्र असलेली गोळी दिलीय, तर बाईसाहेब मऊ भात खाऊन मोबाइल बघत लोळतायत. गोळीचा गुण की डॉक्टरांच्या हाताचा?

घणसोली_लोकल: बधिरपणा उतरायच्या आत पहिली गोळी घ्यायची हे मला कुणी सांगितलंच नाही!! ठाण्याला गाडीत चढले तेव्हा मजेत, रबाळ्याला डोळ्यांतून पाणी.

घोडबंदरची: मला दमा, आयबुप्रोफेनने एकदा धाप लागली होती, त्यामुळे ते बाद. पॅरासिटामॉल 650 आणि बर्फ, निभावलं. सासूबाई लवंगतेलाचा बोळा घेऊन आल्या, जखमेवर ठेवू दिला नाही. अजून नीट बोलत नाहीत.

जुना_केमिस्ट: गोळीचाच गुण. कॉक्रेन (औषधांच्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) हिच्या 2013 च्या आढाव्यात याच दाढेवर तुलना आहे: आयबुप्रोफेन 400 हे पॅरासिटामॉल 1000 पेक्षा सरस, दोन्ही एकत्र तर आणखी बरं. मात्र त्या गोळीवर घरातली क्रोसिन वेगळी देऊ नका, तेही पॅरासिटामॉलच. मोठ्या माणसाला दिवसाला 4 ग्रॅम म्हणजे डोक्यावरून पाणी. मनाने अ‍ॅस्पिरिन नकोच, रक्त थांबत नाही.

नेरुळ_पश्चिम: मला केटोरोलॅक, पाण्यात विरघळणारी. ठणका गायब, पण रिकाम्या पोटी घेतली, छातीत जळजळ. तिसऱ्या दिवशी सिगरेट ओढली (बायकोला माहीत नाही). खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघाली, हाड उघडं, कानापर्यंत कळ. मग कुठलीच गोळी चालेना. शेवटी खड्ड्यात औषधाची पट्टी भरली तेव्हा झोपलो.

घोडबंदरची: आता कळेल बायकोला 😄

कोपरीचा_बंड्या: माझ्या चारही काढल्या. होती नव्हती ती अक्कलही गेली. मामलेदारची मिसळ कधीपासून चालेल?

जुना_केमिस्ट: टाके निघू देत की! मग कमी तिखट.

कोपरीचा_बंड्या: कमी तिखट मागायला लाज वाटते हो तिथे.

तलावपाळीकर: धन्यवाद मंडळी, क्रोसिन उचलून कपाटात ठेवली. टाके काढायला शनिवारी परत जायचंय, गोखले रोडला गाडी कुठे लावता?

घणसोली_लोकल: लावत नाही. रिक्षा.