मदत हवी आहे: वापरलेली आय४ की नवी आयएक्स१? (पुणे ते फोंडाघाट, सोबत आईचे गुडघे)

पायवाट

नमस्कार मंडळी,

गाड्यांच्या धाग्यांवर गेली सहा वर्षं वाचनमात्र आहे. आता निर्णय गळ्याशी आलाय म्हणून लिहितो. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमची डिझेल सेडान दहाव्या वर्षात आहे, मीटरवर एक लाख बेचाळीस हजार. घर बावधनला, नोकरी चाकणला, म्हणजे रोजचे जाऊन-येऊन ८०-८५ किमी. वर्षातून पाच-सहा वेळा गावी, फोंडाघाट उतरून पुढे, कणकवलीच्या अलीकडे. माणसं चार. आम्ही दोघं, दहावीतला मुलगा आणि ७४ वर्षांची आई, जिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. बजेट पन्नास-बावन्न लाख, त्यापुढे एक रुपया नाही (हे वाक्य बायकोने समोर बसून लिहायला लावलंय).

इलेक्ट्रिकच घ्यायची हे ठरलंय. त्यामुळे 'डिझेल घ्या, सुखी व्हा' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. येणार आहेतच, पण सांगून ठेवतो.

पर्याय दोन. पहिला, वापरलेली बीएमडब्ल्यू आय४ ईड्राइव्ह४०. २०२३ ची, एकवीस हजार किमी फिरलेली, एक डीलर ४६ लाख म्हणतोय. मे २०२२ मध्ये ही आपल्याकडे आली तेव्हा एक्स-शोरूम ६९.९० लाख होती. दुसरा, बीएमडब्ल्यूचीच नवी आयएक्स१ लाँग व्हीलबेस (एलडब्ल्यूबी, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर वाढवलेली). ही चेन्नईत जोडली जाते आणि जानेवारी २०२५ मध्ये ४९ लाखांना आली.

खरं तर आयएक्स१ जवळजवळ पक्की होती. मग एका मित्राने परदेशी जाताना स्वतःच्या आय४ ची किल्ली चार दिवसांसाठी माझ्या हातात ठेवली. घात तिथे झाला.

गाडी चालवायला काय आहे हे शब्दांत सांगणं अवघड. ३४० हॉर्सपॉवर, ४३० न्यूटन-मीटर, शंभरला ५.७ सेकंद हे आकडे सगळीकडे आहेत. पण खंबाटकीच्या चढावर ट्रकच्या रांगेतून बाहेर यायला आपल्या डिझेलला जो गिअर खाली टाकावा लागतो, मग जरा थांबायचं, मग टर्बो जागा होणार, ते सगळं इथे नाहीच. मनात आलं की गाडी पुढे गेलेली असते. ताकद मागच्या चाकांना, बॅटरीचं वजन तळाशी, त्यामुळे सव्वादोन टनांच्या आसपासची गाडी वळणात जमिनीला चिकटून राहते. आणि बी मोड! पाय उचलला की गाडी स्वतःच आवरते. दुसऱ्या दिवसापासून ब्रेकला पाय लावणं मला अपमानास्पद वाटू लागलं. स्पोर्ट मोडमध्ये हॉलिवूडचा संगीतकार हान्स झिमरने बसवलेला आवाज येतो. मुलाने तो पूर्ण वेळ चालू ठेवला, मी तासाभराने बंद केला. शांतता जास्त महाग आहे.

आता दुसरी बाजू. ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट आणि जमीन यातलं अंतर) १२५ मिमी. आमच्या सोसायटीचा तळघरात उतरणारा रॅम्प बिल्डरने बहुधा बैलगाडीसाठी बांधलाय. चौघं बसलेले असताना रॅम्पच्या तोंडाशी पोट घासलं, तो आवाज मला अजून झोपेत येतो. आणि आई. दार उघडल्यावर तिने आत वाकून पाहिलं आणि म्हणाली, "मेल्या, ह्या गाडयेत बसूचा काय निजूचा?" बसायला जमलं, उठताना मात्र दोघांनी हात द्यावा लागला. मागे पायाखालची जमीन उंच असल्यामुळे गुडघे वर येतात, मांडीला आधार नाही. कोल्हापूर येईपर्यंत ती तीनदा म्हणाली, "मी बरी आसय." म्हणजे बरी नव्हती.

प्रवासाचा हिशेब असा. बावधनहून १०० टक्क्यांवर निघालो, चौघं, एसी, वेग नव्वद ते शंभर. कोल्हापूरला साधारण २३५ किमीनंतर ४६ टक्के उरले. म्हणजे शंभर किमीला साडेअठरा युनिट. ५९० किमीचा प्रमाणित आकडा विसरा, हायवेला सव्वाचारशे धरा. कोल्हापूरच्या अलीकडे चार्जिंगला थांबलो तर मशीनच्या दोन गनपैकी (गाडीत खुपसायच्या केबलपैकी) एक बंद, दुसरीवर एक टॅक्सी ९२ टक्क्यांवर बसलेली. चालक मिसळ खायला गेलेला. पंचवीस मिनिटं वाट पाहिली. ही गाडी डीसीवर (फास्ट चार्जरवर) २०५ किलोवॅटपर्यंत घेऊ शकते म्हणे, मशीन देत होतं २८. पन्नास मिनिटांत ४६ वरून ७५ टक्क्यांवर आलो.

फोंडाघाट उतरताना मात्र मजा आली. माथ्यावर ६१ टक्के, पायथ्याला ६३. आईला दाखवलं तर म्हणाली, "उतारार पेट्रोल भरता काय रे ह्येच्यात?" होय आई, तसंच काहीसं.

गावी पोचलो आणि खरी अडचण सुरू झाली. सोबतचा पोर्टेबल चार्जर पडवीतल्या १५ अँपिअरच्या सॉकेटला लावला तर लाल दिवा. दुसऱ्या सॉकेटला लावला, लाल. शेजाऱ्यांकडे लावला, लाल. शेवटी दुसऱ्या दिवशी कणकवलीच्या चार्जरवर दीड तास काढला.

तर विचारायचं ते असं. गावच्या घरी लाल दिव्याचं काय करायचं? दोन-अडीच वर्षं वापरलेल्या बॅटरीत काय बघून घ्यायचं? सोसायटीची समिती 'आग लागेल' म्हणून अडून बसली आहे, त्यांना कसं हाताळलंत? आणि आयएक्स१ वाल्यांनी प्रामाणिकपणे सांगा, रोज चालवताना मन रमतं का?

(अवांतर: चाकणलाच २०२२ पासून मर्सिडीजची ईक्यूएस जोडली जाते. येता-जाता ट्रेलरवर दिसते. तिचं बॉनेट मालकाला उघडताच येत नाही, काचेचं पाणी भरायला बाजूला झडप आहे. माझ्या बजेटच्या तिप्पट आहे म्हणून तोंड फिरवून घेतो.)

---

खवचट_काका

डिझेल इनोव्हा घ्या, आईला बसवा, फोंडाघाट उतरा. पेट्रोल भरणार नाही, पण लाल दिवाही लागणार नाही.

(तुम्ही नको म्हणालात म्हणूनच लिहिलं.)

---

तीनफेज

व्यवसायाने विद्युत ठेकेदार आहे, म्हणून लाल दिव्याबद्दल बोलतो. गाडीत दोष नाही, चार्जरमध्येही नाही. तुमच्या घराला अर्थिंगच नाहीये. पंखा, फ्रिज, मिक्सर अर्थिंग नसतानाही चालतात म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो, नसेल तर वीज सोडतच नाही. तीन घरी लाल लागला याचा अर्थ वाडीत सगळ्यांचंच तसं असणार.

मल्टिमीटर घेऊन फेज आणि अर्थमध्ये मोजा, फेज-न्यूट्रलइतकंच साधारण २३० यायला हवं. मग न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजा, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर गडबड.

कोकणात अडचण जांभ्याची आहे. कातळ कोरडा पडला की जमिनीत वीज शिरत नाही. घराच्या पायाशी दोन फुटांवर सळई ठोकून 'अर्थिंग केलं' म्हणणारे वायरमन खूप. जिथे कायम ओल असते तिथे खड्डा घ्या, विहिरीजवळ किंवा न्हाणीच्या पाटाकडे. नीट इलेक्ट्रोड, कोळसा-मीठ किंवा तयार मिळणारं केमिकल, आणि वर पाणी ओतायला पाइप. एकाने भागलं नाही तर थोड्या अंतरावर दुसरा खड्डा घेऊन दोन्ही जोडा. उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घालायचं. तुळशीला घालता तसंच.

त्यानंतर मीटरपासून चार्जिंगच्या जागेपर्यंत तांब्याची स्वतंत्र वायर, चार चौरस मिमीपेक्षा कमी नको, सोबत एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा). पडवीतल्या जुन्या सॉकेटवर दहा तास १५ अँपिअर ओढू नका, प्लग वितळलेले मी पाहिलेत. मंजूर भार किती आहे ते बिलावर बघा. गावाकडे बऱ्याचदा एक-दोन किलोवॅटच असतो. महावितरणकडे अर्ज करून वाढवून घ्या. संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर गाडीच्या पडद्यावरून करंट कमी करून रात्री अकरानंतर लावा.

१५ अँपिअरवर रात्रभरात पंचवीस युनिट गेले तरी दीडशे किमी झाले. गावात दोन रात्री राहता ना? पुरे आहे.

---

पायवाट

@तीनफेज, दंडवत. शेजारच्यांच्या फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात, ते 'जुना फ्रिज आहे' म्हणून सोडून देतात. आता उलगडा झाला!

---

तीनफेज

त्यांना आजच फोन करा. गाडीचं राहू दे बाजूला. लहान मुलं असतात घरात.

---

मधली_लेन

आयएक्स१ एलडब्ल्यूबी, आठ महिने, अकरा हजार किमी.

प्रामाणिक उत्तर: मन रमत नाही, पण तक्रारही नाही. २०४ हॉर्सपॉवर, ताकद पुढच्या चाकांना, शंभरला ८.६ सेकंद. आय४ नंतर ती तुम्हाला शहाण्या मुलासारखी वाटेल. पण व्हीलबेस २८०० मिमी आहे आणि मागची जागा पाहून आधीच्या मोठ्या सेडानवाले गप्प होतात. पाठ जरा मागे कलते. आसनाची उंची अशी की वाकायचंही नाही, चढायचंही नाही, नुसतं वळून बसायचं. माझ्या सासूबाईंचेही गुडघे झालेत, त्यांनी पहिल्यांदा बसल्यावर 'ही घ्या' एवढंच सांगितलं.

बॅटरी ६६.४ युनिटची. प्रमाणित आकडा ५३१ किमी, मला हायवेला ३६० ते ३८०, शहरात चारशेच्या पुढे. तुमच्या रूटला कोल्हापूरचा थांबा दोन्ही गाड्यांत आहेच, मग आय४ च्या जादा बॅटरीचा फायदा तरी किती?

सोसायटीबद्दल: समितीशी आगीवर वाद घालू नका, कागद द्या. स्वतःच्या मीटरवरून केबल, परवानाधारक ठेकेदाराचं प्रमाणपत्र, आरसीसीबी, खर्च माझा. एवढं लेखी दिलं की विरोधाचा सूर उतरतो. माझ्याकडे समितीतल्या ज्या काकांनी सर्वांत जास्त आरडाओरडा केला, त्यांच्या मुलाने दिवाळीला इलेक्ट्रिक घेतली.

एक लक्षात घ्या. रोजचे ८५ किमी म्हणजे महिन्याला तीनशेच्या वर युनिट. घराच्याच मीटरवर घेतलंत तर वरच्या स्लॅबमध्ये जाल. गाडीसाठी वेगळी जोडणी घेऊन बघा.

---

जुना_बाजार

वापरलेल्या आय४ बद्दल. उच्चदाब बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किमीची वॉरंटी आहे, म्हणजे २०२३ च्या गाडीला अजून पाच वर्षं. पण बाकीच्या गाडीची मूळ वॉरंटी दोनच वर्षांची. ती वाढवून घेतली आहे का हा पहिला प्रश्न विचारा. नसेल तर ४६ हा भाव जास्त आहे. आयात गाडी आहे, एक हेडलाइट फुटला तरी डोळे पांढरे होतील.

बॅटरीचा अहवाल अधिकृत सर्व्हिस सेंटरकडूनच काढा, डीलरच्या मोबाइलवरचा फोटो चालणार नाही. आणि लिफ्टवर चढवून खालचं आवरण बघाच. १२५ मिमीच्या गाडीने एकवीस हजार किमीत काय काय घासलंय ते तिथेच दिसतं. तुमच्या रॅम्पसारखे रॅम्प सगळीकडे आहेत.

जीएसटी १८ टक्के लागतो तो डीलरच्या नफ्यावर, पूर्ण किमतीवर नाही. कोणी ४६ वर लावून दाखवत असेल तर उठून या.

नव्या गाडीला वाहन कर नाही हाही फरक धरा. २०२५ च्या अर्थसंकल्पात राज्याने तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना सहा टक्के कर सुचवला होता, तो मार्चमध्येच मुख्यमंत्र्यांनी मागे घेतला. ४९ लाखांच्या पेट्रोल गाडीला हाच कर सहा लाखांच्या वर बसतो. टोलमाफी मात्र मुंबई-पुणे द्रुतगती, समृद्धी आणि अटल सेतू एवढ्यांवरच. पुणे-कोल्हापूरला पाकीट उघडावं लागणार.

---

लाल_माती

कुडाळहून. जून-जुलैमध्ये आमच्याकडे वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही. अर्थिंग कितीही चांगलं केलंत तरी पावसाळ्यात गावात येताना कोल्हापूरला ९० टक्के करूनच घाट उतरा. परतताना तोच घाट चढायचा आहे, त्याला चार-पाच युनिट जास्तीचे धरा. उतरताना मिळालेले दोन टक्के देव व्याजासकट परत घेतो.

आणि १२५ मिमीची गाडी घेऊन आमच्या पाणंदीत येऊ नका. आलात तर ढकलायला आम्हीच यायचे आहोत.

---

पायवाट

सर्वांचे आभार. थोडी प्रगती कळवतो.

गावच्या वायरमनला फोन केला. तो म्हणतो न्हाणीमागे माडाच्या मुळाशी खड्डा घेऊ, तिथे बारमाही ओल. न्यूट्रल-अर्थमध्ये आत्ता ४१ व्होल्ट येतात म्हणे. शेजाऱ्यांनाही सांगितलंय, दोन्ही घरांचं काम एकदमच करतोय.

आय४ चा डीलर अहवाल द्यायला तयार आहे, लिफ्टवर चढवायचं म्हटल्यावर मात्र 'बघतो साहेब' म्हणाला. चार दिवस झाले, बघतोच आहे.

शनिवारी सकाळी आईला आयएक्स१ मध्ये बसवून आणतो. मागच्या सीटवर ती बसणार, गाडी बायको चालवणार. मी कुठे बसायचं हे अजून सांगितलेलं नाही.

@जुना_बाजार, समजा खालचं आवरण स्वच्छ निघालं आणि वॉरंटी वाढवलेली असली, तर किती भाव रास्त? नुसतं विचारतोय.