जेडची पानं पिवळी पडून गळताहेत, काय करू?

तापीकाठची (भुसावळ):
मंडळी, जळगावच्या नर्सरीतून आणलेलं जेड आहे माझ्याकडे, ते जाड, गुबगुबीत पानांचं शोभेचं झाड, वीतभर उंच. हिवाळ्यात काय टुमटुमीत होतं! मे लागला आणि खालची पानं पिवळी, पाणीदार झाली. उजेडात धरलं तर आरपार दिसतं. बोट लागलं की टपकन गळतात. कुंडी प्लॅस्टिकची, माती माहेरच्या केळीच्या बागेतली, काळी कसदार. पारा ४५ च्या वर, म्हणून कूलरशेजारी ठेवलंय. सासूबाई तुळशीला पाणी घातलं की तांब्यात उरलेलं ह्याला ओततात, आणि त्यांना अडवायची कुणाची टाप! शेजारीण म्हणते ऊन लागलंय, अजून पाणी दे. शिवाय पानांच्या बेचक्यात पांढरं, कापसासारखं काहीतरी बसलंय. जवळच कापसातून सरकी काढायची जिनिंग आहे, तिथलं उडून आलं असेल का?

केळीवाला (रावेर):
ताई, पाणी आजपासून बंद. तहानलेल्या जेडचं पान सुरकुततं, पातळ पडतं. पिवळं पाणीदार पान म्हणजे मुळं सडू राहिली. काळी माती फुगून पाणी धरून बसते. वरून भेगा पडल्या तरी बोट खुपसून पाहा, आत गारच लागेल. केळीला ती माती लाखाची, जेडला नको. आणि ते पांढरं जिनिंगचं नाही हो, पिठ्या ढेकूण आहे. कपाशीवर, सीताफळावर येतो तोच. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर खात्रीच समजा, ढेकूण जो गोड चिकटा सोडतो, त्यासाठी येतात त्या.

फिरकी (धुळे):
शेजारणीचं ऐकू नका. जेडची रंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, दिवसा मिटलेली, रात्री गारव्यात उघडतात. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या, मग झाड वाढ थांबवून गप्प बसतं. झोपलेल्याला पाणी पाजून काय होणार? कूलरपासूनही हलवा, त्या दमट हवेत कुंडी वाळतच नाही. सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशी पूर्वेची गॅलरी बघा. गच्चीवर मात्र नको, पानं भाजतील.

तापीकाठची:
मुंग्या आहेत! कुंडीतून काढून पाहिलं. मुळं काळी, वास मारताहेत. खोड मातीजवळ दाबलं की मऊ लागतं, वरचं मात्र टणक आहे. आता हे गेलंच समजायचं का?

केळीवाला (रावेर):
कशाला? वरचं टणक आहे ना, मग झालं. धारदार ब्लेड स्पिरिटने पुसून घ्या आणि मऊ भागाच्या वर कापा. कापात तपकिरी ठिपका किंवा कडं दिसलं तर अजून वर सरका, आतून स्वच्छ हिरवट दिसेपर्यंत. इथे हयगय नको, एवढासा डाग राहिला तरी सड पुन्हा वर चढते. मग शेंडा सावलीत तसाच ठेवून द्या, काप सुकून खपली धरेपर्यंत. पाण्याच्या ग्लासात ठेवू नका, लोक हौसेने ठेवतात. पिठ्याला कानात घालायच्या काडीला कापूस गुंडाळून स्पिरिट लावा, बेचक्यात नीट पोचवा, आठवड्याने पुन्हा. जुनी माती दुसऱ्या कुंडीत टाकू नका.

फिरकी (धुळे):
लावायला मातीची कुंडी, तळाला भोक हवंच. जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे मिळून दोन वाटे, माती एक वाटा. बांधकामाची वाळू चालते, फक्त धुऊन आणि चाळून घ्या, बारीक गाळ खाली गेला पाहिजे. लावल्यावर लगेच पाणी नाही. हलकं ओढून बघा, मुळं धरली असतील तर शेंडा अडतो, तेव्हा पहिलं पाणी. पावसाळ्यात छताखाली. सासूबाईंचं काय करायचं ते तुम्हीच बघा बुवा, कुंडी उंच फळीवर चढवलीत तर तांब्या पोचणार नाही.

तापीकाठची:
फळीची आयडिया झकास! गळालेली पानं फेकू की लावू?

केळीवाला (रावेर):
पिवळी फेका. टणक, हिरवी, देठासकट सुटलेली असतील ती कोरड्या वाळूवर आडवी ठेवा. पण आत्ता घाई नको, उन्हाळा उतरल्यावर मुळं लवकर फुटतात. स्पिरिट लावलेली ह्यात घेऊ नका.