पिकोरोकोची वाढ मोजताना उंची घ्यावी की व्यास?

खडपेकर: चिलीतल्या पिकोरोकोची, म्हणजे ऑस्ट्रोमेगाबॅलॅनस सिटॅकस या बार्नेकलची (खडकाला चिकटून राहणारा कवचाचा समुद्री जीव), समुद्रात टांगलेल्या फळ्यांवरची मापं आहेत. दर महिन्याला व्हर्नियरने फक्त उंची घेतलेली. एकाच फळीवरचे, एकाच वेळी बसलेले, तरी उंचीत दुपटीचा फरक. शिवाय टाकीत आणलेल्यांपैकी काहींची पायांसकट पांढुरकी सालं पाण्यात तरंगतायत. मेले का?

ओहोटी_भरती: उंची वय सांगत नाही, शेजार सांगते. बार्नेकलची सायप्रिड अळी, म्हणजे चिकटायला जागा शोधणारी शेवटची अळी, मुद्दाम आपल्या जातीच्या प्रौढांजवळ बसते. एकदा चिकटल्यावर हलता येत नाही, आणि लिंग लांबवून जेवढं पोचेल तेवढ्यातच जोडीदार मिळतो. मग दाटी होते, बुडाला पसरायला जागा उरत नाही आणि कवच नळीसारखं उभं वाढतं. सुटा बसलेला बुटका आणि रुंद बुडाचा. दाटीतले उंच गठ्ठे लाटेत बुडाशी मोडतात, तेव्हा पुढच्या महिन्याची सरासरी घसरली तर वाढ थांबली असं समजू नका.

बुडाचा रोस्ट्रम-करिना व्यास घ्या, म्हणजे कवचाच्या समोरासमोरच्या या दोन टोकांच्या पट्ट्यांमधलं अंतर. दिशा झाकणावरून कळते: पोपटाच्या चोचीसारखं टोक टर्गमचं (झाकणाच्या पट्ट्यांची एक जोडी), आणि टर्गम करिनाच्या बाजूला असतात. प्रत्येकासमोर किती बाजूंनी शेजारी टेकलेत तेही लिहा. दाटीतले आणि सुटे वेगळे मांडा. ओलं वजन नकोच, कवचाच्या भिंतीतल्या पोकळ नळ्यांत पाणी राहतं.

कवचखाण: टाकीत तरंगणारी सालं म्हणजे कात आहे, मेलेले नाहीत. बार्नेकल खेकड्या-कोळंबीच्या घरातला, कालवांच्या नाही. निसर्ग अभ्यासक जॉन व्हॉन थॉम्पसनने 1830 मध्ये अळ्यांवरून ते दाखवलं. कवच कधीच टाकलं जात नाही, आतल्या अंगाची आणि पायांची कात पडते. झाकणाला काडीने हलकेच स्पर्श करा: जिवंत असेल तर लगेच मिटेल. उघडंच राहिलं आणि वास आला तर त्याच दिवशी काढा, नाहीतर अमोनिया बाकीच्यांनाही मारेल.

खडपेकर: अंडी पाहायची तर खडकावरून खरवडून चालेल?

कवचखाण: मारायचाच असेल तर चालेल. बूडही चुन्याचंच, ते खडकावर राहून जातं आणि वरचा भाग परत चिकटत नाही. आधी गुंगी द्या: गोड्या पाण्यात 7.5 टक्के मॅग्नेशियम क्लोराइड (हेक्झाहायड्रेट), त्यात तितकंच समुद्राचं पाणी. काडीने स्पर्श करूनही झाकण मिटेना झालं की उघडा. नर-मादी वेगळे नसतात, त्यामुळे अंडी कोणातही सापडतील, शरीराच्या दोन्ही बाजूंना पातळ वड्यांसारखी. फिकट असतील तर ताजी. गडद झाली आणि भिंगाखाली प्रत्येकात एक काळा डोळा दिसला, तर नॉप्लियस, म्हणजे अंड्यातून निघणारी पहिली अळी, बाहेर पडायच्या बेतात.