मदत हवी आहे: ओआरएसमधलं पाणी आतड्यातून आत नेमकं कुठून जातं?

नमस्कार मंडळी. अकरावीला पेशीपटलातून होणारं वहन शिकवते आहे. बेदाणे पाण्यात फुगतात, तिथवर परासरण, म्हणजे पटलातून पाणी आपसूक पलीकडे जाणं, मुलांना चटकन कळतं. घोडं अडतं ते आतड्यापाशी.

लहान आतड्याच्या पेशीत एसजीएलटी 1 हे प्रथिन सोडियमचे 2 आयन आणि ग्लुकोजचा 1 रेणू जोडीनंच आत घेतं. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूचा पंप एटीपी (पेशीचं ऊर्जा-इंधन) खर्चून 3 सोडियम बाहेर काढतो, 2 पोटॅशियम आत घेतो. त्यामुळे आत सोडियम कमीच राहतं आणि सोडियमची आत येण्याची ओढ टिकते. ओआरएसमध्ये साखर लागते ती याचसाठी. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यानेच कॉलऱ्याचे कितीतरी रुग्ण वाचवले. हे ऐकलं की मुलं कान टवकारतात.

आणि मग एकीनं विचारलं, "मॅडम, सोडियम-ग्लुकोजच्या मागोमाग पाणी कुठून जातं?" ॲक्वापोरिनमधून (पेशीपटलातल्या पाण्याच्या वाटेच्या प्रथिनातून), दोन पेशींमधल्या फटीतून, की त्याच प्रथिनातून? पुस्तकात नुसतं "परासरणाने" आहे, आणि तेवढ्यावर तिची बोळवण करणं मला पटत नाही.

शरीरक्रियाशास्त्र शिकवणारं कुणी आहे का इथे? मराठी नावं दिलेली आकृती असेल तर तीही हवी आहे. पुढचा तास सोमवारी आहे.