मदत हवी आहे: मामांच्या विमानाची फासळी वाकवताना पत्रा चिरतोय

पत्राठोक (सोलापूर)

नमस्कार मंडळी. हा प्रश्न सोलापुरात कुणाला विचारला की माणूस आधी हसतो, मग चहा पाजतो आणि विषय बदलतो. म्हणून इथे टाकतोय.

आमचे मामा गिरणीत फिटर होते. टपालानं नकाशे मागवून त्यांनी एका माणसाचं, पूर्ण धातूचं छोटं विमान बांधायला घेतलं होतं. इंजिन फोक्सवॅगन बीटलचं बसवायचं होतं, ते शेवटपर्यंत आलंच नाही. धड, शेपूट आणि दोन पंख एवढं तयार होऊन ते अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये चादरींच्या गठ्ठ्यांमागे बावीस वर्षं पडून होतं. मामा गेले. गेल्या वळवाच्या पावसात शेडच्या छपराची लोखंडी कैची (आधाराचा सांगाडा) खाली आली ती नेमकी डाव्या पंखावर. पंखाची पुढची कड चेपली, आतून पंखाला आकार देणाऱ्या पाच फासळ्या वाकल्या, पंखाच्या टोकाचं वाटीसारखं टोपण फाटलं.

मामी म्हणाल्या, "भंगारात घालायचं तर घाल, पण आधी सरळ करून घाल." आता भंगारवाल्याला द्यायला कुणी सरळ करतं का? पण मला कळलं त्यांना काय म्हणायचंय ते.

मी लेथवर काम करतो, पत्र्यातलं फार येत नाही. नकाशात ६०६१-टी६ हा कडक केलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लिहिलाय, ०.०२५ आणि ०.०३२ इंच, म्हणजे ०.६३ आणि ०.८१ मिलिमीटर. मामांनी उरवलेला पत्रा वर्तमानपत्रात गुंडाळलेला सापडला, त्यावरचा शिक्का अजून वाचता येतो. सागवानाचे दोन साचे केले, मध्ये पत्रा दाबला आणि मोगरीनं कड दुमडत गेलो. पंखाच्या नाकाशी जिथं वळण घट्ट आहे तिथं आधी चुण्या पडतात, त्या बसवायला गेलो की पत्रा चिरतो. तीन फासळ्या वाया गेल्या.

मग शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं युक्ती सांगितली. पत्र्याला कपड्याचा साबण घासायचा, साबण काळा पडेपर्यंत मागून गॅस फिरवायचा आणि थंड करून ठोकायचा. केलं. लोण्यासारखा वाकला! आनंदानं सगळ्यांना दाखवत फिरलो. रात्री मात्र शंका आली, इतका मऊ पत्रा पंखात चालेल का?

अजून दोन गोष्टी. टोकाची वाटी दोन्हीकडून गोल आहे, ती कशी करायची? आणि पंखाच्या मधल्या भागावर नवा पत्रा स्क्रूवर धरलाय (रिव्हेट अजून मारलेले नाहीत), तो सकाळी ताठ असतो, दुपारी बोट लावलं की तेलाच्या डब्याच्या बुडासारखा टक्-टक् वाजतो.

जाणकारांनी सांगावं. फोटो उद्या टाकतो.

शंकासुर

विमान उडवायचंय की दिवाणखान्यात टांगायचंय? उडवायचं असेल तर पत्रा ठोकायच्या आधी डीजीसीएकडे (नागरी विमानांचं नियमन करणारं सरकारी खातं) चौकशी करा. नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. मुंबईत चारकोपला गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांना २०१७ साली नोंदणी मिळाली तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता, आणि तरी ती पहिलीच पायरी होती. सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून आता गोव्याचं विमान उडतं, म्हणून तुमचंही त्या धावपट्टीवर कुणी सोडेल असं समजू नका.

पत्राठोक (सोलापूर)

सध्या टांगायचंही नाही आणि उडवायचंही नाही. पण जे करीन ते उडण्यालायक करायचं, एवढं ठरवलंय. मामांनी तसंच केलं होतं.

निवृत्त एअरफ्रेम

हवाई दलात आयुष्यभर हेच केलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिलं काम: साबण लावून केलेली फासळी उचला आणि तिच्यावर लाल रंगानं 'रद्द' लिहा. तशीच कोपऱ्यात ठेवलीत तर सहा महिन्यांनी तुम्हीच चांगली समजून वापराल.

टी६ म्हणजे पत्र्याला आधी ५३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून पाण्यात बुडवलेलं, आणि मग १६० ते १७५ अंशांवर कित्येक तास भाजून कडक केलेलं असतं. तुम्ही साबण काळा होईपर्यंत तापवलंत तेव्हा ती सगळी मेहनत पुसली गेली. टी६ पत्रा कायमचा वाकायला साधारण २७५ मेगापास्कल ताण लागतो. पूर्ण मऊ केलेला पत्रा ५५ च्या आसपासच हार मानतो. पाचव्या हिश्श्यावर आला तो. आणि नुसता ठेवून दिला तर ताकद परत येणार नाही. मऊ पत्रा वाकवून पुन्हा टी६ करता येतो, पण त्याला तापमान नेमकं धरणारी भट्टी लागते, आणि पाण्यात बुडवताना फासळी पिळवटते ती वेगळीच. तुमच्या पाच फासळ्यांसाठी तो उद्योग नको.

आता चीर का पडते ते बघू. तुम्ही साचा सुताराच्या सवयीनं केला असणार, धार काटकोनात. साच्याची कड पत्र्याच्या जाडीच्या तिप्पट त्रिज्येनं गोल करा, ०.८१ ला साधारण अडीच मिलिमीटर. साच्याची बाजूही आत चार-पाच अंश तिरपी घ्या, कारण टी६ ठोकला तरी थोडा मागे उसळतो. कापलेली कड कानशीनं आणि मग बारीक पॉलिश पेपरनं गुळगुळीत करा, कडेच्या लांबीला समांतर घासून. खुणा पोलादी सुईनं करू नका, मार्करनं करा. सुईचा ओरखडा म्हणजे चिरेला दिलेलं आमंत्रण.

नाकाशी चुण्या पडणारच. बाहेर फुगलेल्या वळणावर दुमडलेल्या कडेला जागा कमी पडते आणि पत्रा उरतो. तो उरलेला पत्रा तुम्ही ठोकून गायब करायला बघताय, म्हणून चिरतोय. त्याला जागा द्या. रिव्हेटच्या दोन भोकांच्या मध्ये छोटी नाळ (पन्हळीसारखी खोलगट घडी) पाडा, म्हणजे जास्तीचा पत्रा त्या नाळीत जाऊन बसतो. तीन गोल सळ्या वेल्ड करून पक्कड घरीच होते. अगदी नाकाच्या टोकाला कड सलग ठेवूच नका, पाकळ्या करा. प्रत्येक खाचेच्या तळाशी आधी भोक पाडा आणि मग कापा, नाहीतर खाचेपासूनच चीर सुरू होईल.

टक्-टक् बद्दल: शेडच्या दारातून दुपारी पंखावर ऊन येतं का? वरचा पातळ पत्रा आधी तापतो, आतला सांगाडा मागे राहतो. एक मीटर अ‍ॅल्युमिनियम वीस अंशांनी तापलं तर जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढतं. स्क्रूंमध्ये अडकलंय, मग जाणार कुठे? फुगतं. ठोकून काढायला जाऊ नका. रिव्हेट मारताना वरचा पत्रा सांगाड्यापेक्षा थोडा कोमट असू द्या, निवला की ताणून बसेल.

रिव्हेट हार्डवेअरच्या दुकानातले पॉप रिव्हेट नकोत, नकाशात लिहिलेलेच घ्या. भरीव असतील तर डोक्यावर बारीक खळगा दिसतो, ती २११७ मिश्रधातूची खूण. मारल्यावर मागचं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच यायला हवं. भोकाचा मध्य कडेपासून निदान दोन व्यास आत.

आणि एक विचारायचं राहिलं. स्पार, म्हणजे पंखाचा भार घेणारा लांब कणा, बघितलात का? बावीस वर्षं गठ्ठ्यांमागे म्हणजे उंदीर आलेच. उंदराचं मूत अ‍ॅल्युमिनियम खातं.

तांबट

वाटीचं मी सांगतो. आमच्या घरात तीन पिढ्या तांब्या-पितळेचं मठारकाम (हातोडीनं ठोकून भांडी घडवणं) होतं. अ‍ॅल्युमिनियमची भांडीही केलीत.

वाटी भार घेत नसेल (वरचे साहेब सांगतील) तर मऊ पत्रा घ्या. वाळूच्या पिशवीवर, गोल तोंडाच्या मोगरीनं. नवशिके मधोमध ठोकतात, मग मध्य पातळ होऊन फाटतो. कडेपासून सुरू करा, गोल फिरत आत या. कडेला चुणी आली की लहान असतानाच तिला दोन्ही बाजूंनी थोपटत मिटवा. चुणीवर चुणी चढली की पत्रा टाकून द्यायचा. आकार आला की ऐरणीवर, पॉलिश केलेल्या हातोडीनं, घावाला घाव लागून मठारा. त्यात पत्रा पुन्हा जरा कडकही होतो.

तापवताना जपा. तांबं लाल होऊन सांगतं. हा बाबा रंग न बदलता एकदम गळून खाली पडतो. म्हणून ती साबणाची युक्ती आहे. युक्ती खरी आहे, तुमची जागा चुकली.

निवृत्त एअरफ्रेम

तांबट म्हणतात ते बरोबर. टोकाची वाटी हवेला वळण देते, पंखाचा भार घेत नाही. पण नकाशात तिला कुठला पत्रा लिहिलाय ते आधी बघा.

पत्राठोक (सोलापूर)

चार दिवस गायब होतो, माफ करा.

साच्याची कड गोल केली, नाळी पाडल्या. चौथी फासळी चिरली नाही! मामींना दाखवली, त्यांनी ती हातात घेऊन नाकाशी धरली आणि म्हणाल्या, "यांच्यापेक्षा तुझ्या पाकळ्या वाकड्या आहेत."

साहेब, स्पार बघितला. आत उंदराचं घर होतं, चादरीच्या दशा, शेंगांची टरफलं, सगळा संसार. ते काढलं तर धडाला जोडायच्या बोल्टच्या भोकांपाशी पांढरी भुकटी. खरवडली, खाली खड्डे लागले. एका भोकापासून केसाएवढी रेघ गेलीय. ओरखडा आहे की चीर, कळत नाही.

निवृत्त एअरफ्रेम

खरवडणं थांबवा. एमआयडीसीत वेल्डिंग तपासणारे लाल डाय पेनेट्रंट वापरतात, तो किट मागून आणा. भाग साफ करून लाल रंग लावा, मुरू द्या, पुसा, पांढरा फवारा मारा. चीर असेल तर लाल रेघ उमटेल. उमटली तर ती स्पारची पट्टी बदलायची, त्यावर तुकडा मारून झाकायची नाही. आणि उजवा पंखही उघडा, उंदराला डावं-उजवं कळत नाही.

पत्राठोक (सोलापूर)

किट आणला. लाल रेघ आली. सव्वा इंच.

पट्टी नवीनच करतो, पत्र्याची चौकशी सुरू केलीय. जुने रिव्हेट काढताना फक्त डोकं ड्रिल करायचं आणि भोक मोठं होऊ द्यायचं नाही, एवढं वाचलंय. उजवा पंख रविवारी उघडतो. पत्रा येईपर्यंत वाटी ठोकायला घेतो, नकाशात तिला मऊ पत्राच लिहिलाय.

तांबट काका, वाळूची पिशवी जुन्या सोलापुरी चादरीची शिवली तर चालेल का?

तांबट

चालेल. दोन पदरी शिवा. आणि वाळू चाळून घ्या, एक खडा राहिला तर त्याचा ठसा वाटीवर उमटेल.