प्रोसेसर १०० डिग्रीला जातोय, शेजारी चटणीचं कांडप आहे (सांगली)

गावभाग_सांगली
नमस्कार. मी घरी बसून सात-आठ दुकानदारांची खाती बघते. २० तारखेच्या आत सगळ्यांचे ३बी, म्हणजे जीएसटीचे रिटर्न, भरायचेत आणि कॉम्प्युटर ऐन वेळी अडून बसलाय. आय५-१०४००, त्याच्यासोबत आलेलाच पंखा. काही न करता ६२ डिग्री दाखवतो. हिशेबाची टॅली उघडून क्रोममध्ये जीएसटीचं पोर्टल लावलं की ९८-१००, आणि टास्क मॅनेजरमध्ये स्पीड ०.८ गिगाहर्ट्झवर येतो. एक एन्ट्री सेव्ह व्हायची वाट बघत बसावं लागतं.

भिंतीपलीकडे कांडप आहे. मार्चपासून दिवसभर चटणी कुटतात, खिडकीच्या गजांवरही लाल थर बसतो. आणि गेल्या पावसाळ्यात पाणी चढायला लागलं तसं कॅबिनेट रिक्षात आडवं घालून विश्रामबागला बहिणीकडे नेलं होतं. २०१९ च्या पुरात आधीचा कॉम्प्युटर गेला, तेव्हापासून आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ३५ फूट झालं की मी थांबत नाही. एका दुकानात फोनवर विचारलं, तर न बघताच मदरबोर्ड बदला म्हणाले. तेवढे पैसे आत्ता नाहीत. काय करू?

कराडचा_पाहुणा
ताई, साइडचं झाकण काढून टेबल फॅन लावा. आमच्याकडे उन्हाळाभर तसाच चालतो.

मिरज_दुरुस्ती
ताई, मदरबोर्ड मुळीच बदलू नका. १०० डिग्री ही त्या प्रोसेसरची मर्यादाच आहे, तिथं पोचला की जळू नये म्हणून तो स्वतःच स्पीड पाडतो. म्हणजे तो शाबूत आहे, उष्णता बाहेर जात नाहीये एवढंच.

आता आकडा किती यापेक्षा तो कसा चढतो ते बघा. कोअर टेम्प (प्रोसेसरचं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा आणि घड्याळ लावून टॅली सुरू करा. सावकाश, पाच-दहा मिनिटांत चढला तर पंख्याखालच्या धातूच्या ठोकळ्याच्या, म्हणजे हीटसिंकच्या, पात्यांत धूळ अडकलीय. दोन-तीन सेकंदांत उडी मारून १०० ला गेला आणि काम थांबताच तसाच धपकन खाली आला, तर हीटसिंक प्रोसेसरवर नीट टेकलेला नाही. कराडकरांचा टेबल फॅन परीक्षेपुरता पाच मिनिटं लावा, पण कांडपाशेजारी झाकण उघडं ठेवू नका.

गावभाग_सांगली
दोन्ही केलं. ६२ वरून ९७, तीन सेकंदांत! टॅली बंद केली की लगेच ६६. फॅन लावून फक्त दोन डिग्री कमी झाले.

मिरज_दुरुस्ती
मग टेकलेला नाही हे नक्की. वायर काढून ठेवा आणि हीटसिंकचे चार काळे पाय एकेक करून हलकेच वर ओढून बघा. पक्का पाय हलत नाही. कॅबिनेट आडवं नेताना एखादा निसटला असणार, या पंख्यांचं ते नेहमीचंच दुखणं आहे.

हीटसिंक एकदा उचलला की त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली, उष्णता पोचवणारी जुनी पेस्ट चालत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसानं दोन्हीकडची पुसा, मधोमध मटाराच्या दाण्याएवढी नवी ठेवा, पसरू नका. पाय बाणाच्या दिशेनं फिरवले की सुटतात. बसवण्याआधी ते उलटे फिरवून घ्यायचे, हे विसरलं की कितीही दाबा, धरत नाहीत. समोरासमोरचे तिरके दोन आधी, मग उरलेले. प्रत्येकाचा ‘टक्’ आवाज आलाच पाहिजे.

धूळ अंगणात झाडा, नाकाला फडकं बांधून. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरा, तो भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं.

गावभाग_सांगली
खालचा डावा पाय सुटलेला होता! बोट लावताच वर आला. हीटसिंक काढला तर पेस्टचा ठसा एकाच बाजूला, दुसरीकडे कोरडी पांढुरकी खपली. पात्यांमध्ये तर विटकरी रंगाचा गोळा, तेलकट, नखानं खरवडल्यावर लोकरीसारखा सलग निघाला. चटणीतलं तेल धुळीला धरून ठेवतं, तो ब्लोअरनं हललाच नाही. जुन्या टूथब्रशनं काढला. फडकं बांधूनही मी आणि मुलगा अर्धा तास शिंकत होतो.

तीन पाय पहिल्या झटक्यात बसले. चौथ्याला मदरबोर्ड वाकतोय की काय अशी भीती वाटली, म्हणून कॅबिनेट आडवं करून मुलानं मागून हात लावला, तेव्हा टक् झालं.

खोलीत ३७ असताना आता नुसता ४७, टॅली आणि पोर्टल दोन्ही चालू असताना ६३. पंख्याचा आवाज खोलीबाहेर येत नाही. रात्री तीन रिटर्न भरून झोपले. मिरजेचे दादा, तुमचे मनापासून आभार. एक विचारायचं राहिलं: कॅबिनेटच्या पुढच्या जाळीला मच्छरदाणीचं कापड लावू का?

मिरज_दुरुस्ती
लावा, एकच पदर. कांडप चालू आहे तोवर दर रविवारी काढून धुवा, नाहीतर हवाच अडेल. आणि पावसाळ्यात हलवायची वेळ आलीच तर उभंच न्या, मांडीवर धरून.