शेरीफबाई इतकं गोड का बोलते?
छोट्या गावातल्या खुनाच्या हलक्याफुलक्या रहस्यकथेतली ही बाई शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, असून प्रत्येक संशयिताशी इतकं गोड का बोलते, ही शंका रास्त आहे. पण अहो, अमेरिकेत बहुतेक राज्यांत काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा, शेरीफ मतदानाने निवडून येतो! म्हणजे संशयित हा मतदारही. बेकरीवाल्या आजीला बेड्या घातल्या की पुढच्या निवडणुकीत अख्खं गाव विरोधात. खरी गंमत या कुचंबणेतच आहे. खून काय, पडद्याआड उरकतो.

आणि बाई शेरीफ ही निव्वळ लेखकांची हौस नव्हे हं. १९१८ मध्ये टेक्सासच्या कोलमन काउंटीत नवरा वारल्यावर एमा बॅनिस्टर शेरीफ झाल्या. बिऱ्हाड तुरुंगाच्याच इमारतीत, तळमजल्यावर! खाली फोडणी, वर कैदी. यावर कुणी रहस्यकथा लिहिली तर पहिलं गिऱ्हाईक मी.